तळ्यातली जलपर्णी आणि हिरवा काठ

रविवारी सकाळी तळ्यावर गेले होते दुसऱ्यांची हजेरी घ्यायला... आणि घेतली गेली माझीच.

आमच्या गावाबाहेरच्या तळ्यात माझा मुलगा गजानन पायडलच्या बोटी चालवतो. सुट्टीला चिखली, अमडापूरकडून लोक येतात, बोटीत बसतात, भजी खातात, कागद तिथेच टाकतात आणि जातात. तरी बरं चाललं होतं.

यंदा तळ्यात जलपर्णी माजली. हिरवीगार, वर जांभळी फुलं... लांबून वाटावं कोणी हौसेने बाग लावली. बोट त्यात शिरली की पायडल जाम. एक नवरा-बायको तासभर मधोमध अडकले, त्यांचं सगळं भांडण काठावर ऐकू आलं.

मग एक मशीनवाला आणला. त्याने जलपर्णी उपसली, ढीग काठालाच लावला, फोटो काढले आणि गेला. दोन दिवसांनी पाऊस आला, ढीग घसरून जिथला तिथे. मी असा केर काढला असता तर सासूने घरात उभं केलं नसतं.

शेवटी गजानन आणि त्याचे मित्र उतरले. दोन्ही काठांवर माणसं, मध्ये जाड दोर. दोराने सगळं लोटत एका कोपऱ्यात आणायचं, टोपल्यांनी उचलायचं आणि लांब माळावर वाळत टाकायचं. आठ दिवस छातीएवढ्या पाण्यात, अंगाला खाज... पण तळं लख्ख झालं.

तीन आठवड्यांत तळ्यात उतरायच्या पायऱ्यांपाशी परत हिरवं. परत काढलं, परत आलं. दर वेळी पायऱ्यांपाशीच.

गजानन टेकीला आला. दिवाळीच्या सुट्टीत बोटी चालल्या नाहीत तर विकतो आणि पुण्याला कंपनीत जातो म्हणाला. मोठा मुलगा असाच गेला, आता सणाला फोनमध्ये दिसतो. हाही फोनमध्येच बघायचा का?

मग माझं डोकं फिरलं. भजीवाल्याला बोलले, कपडे धुणाऱ्या बायकांना बोलले. शेजारची शांता तळ्यात म्हशी धुते, तिला तर म्हटलं की तुझ्या म्हशीच शेपटीला बांधून हे घेऊन येतात. ती म्हणाली, "मंग तुम्हीच जाऊन बसा ना राखण करायले." तर बसले. रविवारी, पायऱ्यांवर, काठी घेऊन.

गजानन पाण्यात होता. खालच्या पायरीच्या फटीतून त्याने एक गाठोडं ओढून काढलं. आत कुजलेला झेंडू, दुर्वा, आणि फडक्यातून चारी बाजूंनी फुटलेली जलपर्णी. गाठोड्याला हिरव्या काठाची पट्टी बांधलेली.

त्याने पट्टी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. हळूच म्हणाला, "आई वं, हा तुह्या लुगड्याचा काठ हाय ना?"

होता. दुसऱ्या कोणाचा असणार...

झालं असं की गाय गेल्यापासून अंगणातली तिची पाण्याची टाकी रिकामी होती. मागच्या वर्षी बहिणीच्या गावी नदीत हे रोप दिसलं, फूल देवाला बरं म्हणून आणून टाकीत सोडलं. टाकी भरून वाहायला लागली. आता ज्याचं फूल देवाला वाहिलं ते उकिरड्यावर कसं टाकायचं, पाय पडतो. म्हणून दर सोमवारी जास्तीची रोपं निर्माल्यासोबत फडक्यात बांधायची आणि तळ्यात सोडायची, पाण्यातलं पाण्यात. नमस्कारही करत होते वरून.

दोन्ही एकच आहे हे डोळ्यांना दिसत होतं, डोक्यात शिरत नव्हतं. घरातलं ते देवाचं, तळ्यातलं ते तण.

इतक्यात म्हशी घेऊन आलेली शांता काठावरून विचारते, काय सापडलं रे? गजाननने पट्टी मुठीत दाबली. "काही नाही काकू, असंच कोणाचं तरी निर्माल्य." आणि परत पाण्यात वाकला.  मला चार शब्द बोलला असता तर मी भांडले तरी असते.

घरी येऊन टाकी उपसली. सगळी रोपं पत्र्यावर पसरली, पापडासारखी कुडकुडीत होईपर्यंत. निर्माल्याला आता पेरूखाली खड्डा केला आहे. देव काही बोलला नाही.

पायऱ्या सध्या तरी स्वच्छ आहेत. काल गजानन बोटींच्या पायडलला तेल घालत होता. बोटी विकायचं नाव काढलं नाही.

त्याने माझं झाकलं, ते विसरणार नाही. बायकोलाही सांगितलं नाही त्याने. म्हणून मीच इथे सगळ्यांसमोर सांगते.

शांता, तुझ्या म्हशींचा काही दोष नव्हता. चुकलं माझं... पण म्हशी तळ्यात धुणं बंद कर.