चार टायर आणि एक कबुली

माझी शाळा चौथीपर्यंत. अक्षर वेडंवाकडं आहे, शुद्धलेखनाच्या चुकाही होतील, माफी असावी. आमचे हे फौजदार होते. रिटायर झाल्यावर कुणी भेटलं की 'ती घटना आजही आठवते' म्हणून केस सांगायला बसायचे. ही त्यांची शेवटची केस. सांगायला ते नाहीत, म्हणून मी लिहिते.

लेकीला डोळे भरून बघावं म्हणून आम्ही दोघं मेलबर्नला, टार्निटमध्ये तिच्याकडे राहायला आलो होतो. ती नर्स आहे. शेजारच्या सरदारजींचं टायरचं दुकान. एका सकाळी ते ह्यांना म्हणाले, "अंकलजी, बेटी बर्फ में जा रही है क्या? विंटर टायर पूछ रही थी."

टार्निटला थंडी असते, बर्फ नसतो. म्हणजे लेक कुठंतरी लांब निघाली होती, खबर पक्की. तरी ह्यांनी घरात अवाक्षर काढलं नाही. लेक शिफ्टवरून आली, तसा स्वतः चहा करून तिच्यापुढे ठेवला आणि गप्प बसून राहिले. ठाण्यातही असंच करायचे. समोरचा गप्प असला की माणसाला बोलल्याशिवाय राहवत नाही, असं त्यांचं म्हणणं.

"बाबा, इंटरॉगेशन नका ना करू," ती हसली. हे गप्पच. मग तिचा चेहरा उतरला.

"बर्फाच्या डोंगरातल्या हॉस्पिटलात जॉब मिळालाय. विंटरपुरता. कधीपासून हवा होता मला. पण तुम्हाला इथं बोलावून मी कशी जाऊ? उद्या नाही म्हणून कळवते."

मला आतून बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

"नाही म्हणायचं होतं, तर टायर कशाला विचारलेस?" हे म्हणाले.

ती खाली बघत राहिली. तीच कबुली.

जावयांना सगळं ठाऊक होतं. ते म्हणाले, "बाबा, दोनच टायर घेऊ. छोटी गाडी, पुढचीच चाकं ओढतात. बर्फात चाकांना बांधायची चेन डिकीत असणारच आहे."

"सहआरोपींनी मध्ये बोलू नये," हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुकानात ह्यांनी सरदारजींना एकच प्रश्न केला. "आपकी बेटी होती तो?"

"तो चारों, अंकलजी. आगे पकड़ और पीछे फिसलन, मोड़ पे गाड़ी घूम जाएगी."

ह्यांनी अंगठ्यानं रबर दाबून बघितलं, मलाही दाबायला लावलं. साधं रबर थंडीत कडक होतं, हे मऊ राहतं. चार घेतले. लेक गेली. गाडी वळणाआड गेली तरी हे हात वर करून उभेच होते.

हे गेल्यापासून मी इथंच, लेकीकडे असते. दर थंडीत ती जाते, नंतर परत येते. ती घरी असली की ते चार टायर गॅरेजच्या कोपऱ्यात एकावर एक रचलेले असतात. येता-जाता मी अंगठ्यानं दाबून बघते. केस संपली की त्या केसनं काय शिकवलं ते हे सांगायचे. ह्या वेळचं मलाच शोधावं लागलं. लेकीला थांबवणं ह्यांच्या हातात होतं, आणि ह्यांनी तिचा रस्ता तेवढा पक्का केला.

सध्या कोपरा रिकामा आहे. जमिनीवर टायरचं काळं वर्तुळ उमटलंय. गॅरेज पुसते, पण तेवढं वर्तुळ ठेवते.