एक कॅन नायट्रोजन

आमच्या बारामतीच्या कॉलेजात, फिजिक्सच्या लॅबमध्ये, धूळ आणि किस्से दोन्ही आपोआप साठायचे. धूळ लॅब अटेंडंट सोपानतात्या पुसून काढायचे. किस्से तेवढे राहिले!

नव्वदच्या दशकात मी तिथं शिकवता शिकवता पीएच.डी. करत होते. तात्यांनी एकदा विचारलंच, "मॅडम, तुमी नक्की बघता काय?"

म्हटलं, "मोठा तारा जन्मतो तेव्हा धुळीत पुरता झाकलेला असतो. उजेड बाहेर येत नाही, ऊब येते. भोवती धुळीची चकती फिरते का, तीच त्याला वाढवते का, हे त्या उबेवरून ओळखायचं."

"मंग सोपं हाय की! राखंत निखारा हाय का, ते आमी वर हात धरूनच बघतो."

हे वाक्य मी पुढं वर्गात खपवलं, तात्यांचं नाव न घेता. त्याची अजून लाज वाटते.

*

ऊब मोजणारं यंत्र आधी गार लागतं, नाहीतर ते स्वतःचीच ऊब मोजत बसतं. त्यासाठी द्रवरूप नायट्रोजन हवा. पुण्याचे माझे गाईड म्हणाले, "बारामतीत कुठून आणणार?" अहो, दुधाच्या गावात! गाई भरवायच्या केंद्रात वळूच्या वीर्याच्या कांड्या त्यातच तर ठेवतात. मी कॅन घेऊन रांगेत उभी राहिले. केंद्रातल्या बापूंनी सवयीनं रजिस्टर उघडलं. "कुठली हाय? जर्सी का होल्स्टीन?"

"डिटेक्टर," मी म्हणाले. त्यांनी तसंच लिहून घेतलं!

*

यंत्र आम्ही बापूंच्याच एका जुन्या कॅनमध्ये बसवलं होतं. एकदा भरायला ठेवलेला तो कॅन बापूंनी घाईत मोटारसायकलला बांधला आणि थेट वडगाव निंबाळकर गाठलं. गोठ्यात झाकण काढलं तर आत वायरी!

गाईचा मालक म्हणाला, "बापू, आमाला वासरू पायजे. ह्ये लाइटीवर चालणारं नगं!"

*

मग चाचणीचा दिवस आला. गाईड स्वतः येणार होते. यंत्र चाललं तर डोंगरावरच्या मोठ्या दुर्बिणीच्या चार रात्री मला, नाहीतर दुसऱ्या विद्यार्थ्याला. आणि नेमका केंद्रावर नायट्रोजनचा टँकर आला नाही! मी रडकुंडीला आले. तात्या सायकल काढून गेले आणि तासाभरात भरलेला कॅन घेऊन आले.

सरांनी काळ्या प्लॅस्टिकमागं गरम चहाचा कप ठेवला. काटा हलला. सर तो चहा प्यायले आणि म्हणाले, "रात्री तुझ्या."

*

दुर्बिणीवरून परतल्यावर पेढे घेऊन केंद्रावर गेले. तारा सापडला होता, भोवती चकती असावी असं आकडे म्हणत होते. बापू म्हणाले, "त्या दिवशी एकच कॅन भरंल एवढा शिल्लक हुता. कन्हेरीची एक गाय माजावर आलती, तिची कांडी गार ठिऊन न्यायला राखलेला. पर गाईचा मालकच आला आन् म्हणाला, मॅडमला द्या."

"कोण मालक?"

"आपलं सोपानतात्या की!"

तात्यांची ती एकुलती एक गाय. मला फार वाईट वाटलं. तशीच लॅबवर आले. "तात्या, मला सांगितलं का नाहीत?"

तात्या टेबल पुसत होते. "गाय काय, एकवीस दिसांनी परत माजावर येती. तुमच्या रात्री आल्या असत्या व्हय?"