खळीचे हात

काल औरंगपुऱ्यात पोस्टरं लावताना मैद्याच्या खळीचा आंबूस वास आला आणि माझे तळहात एकदम घामेजले.

कॉलेजात असताना मी आणि माझा दोस्त रफीक करमाडपलीकडच्या डोंगरात तंबू ठोकून राहिलो होतो. आदल्या संध्याकाळी शहरभर पोस्टरं लावून मी तसाच, हात न धुता आलेलो. सकाळी कडा चढायला घेतला. माझ्या कमरेच्या दोराचं टोक धरून रफीक वर बसलेला. अर्ध्यावर घामानं वाळकी खळ भिजली आणि बोटं खडकावरून सुटायला लागली.

"घाबरलास व्हय?" तो ओरडला.

"नाय! आपण मागं हटणार नाय!"

"अबे, घोषणा कुणाला देतो? खरं बोल, मग दोर आवळतो."

"लई घाबरलोय, यार!"

दोर ताणला गेला. हात शर्टाला पुसून मी असा झपाझप वर चढलो, की माथ्यावर दोघंही वेड्यासारखे नाचलो.

आता त्याच डोंगराची खडी करतायत, दिवसाढवळ्या, निर्लज्जपणे! त्याविरुद्धच्या नव्या पत्रकात मी लिहिलं होतं, 'आम्ही मागे हटणार नाही.' काल घरी येऊन ते खोडलं आणि लिहिलं, 'डोंगर जाईल, याची आम्हाला लई भीती वाटते. दोर धरायला या.'