हळर्णच्या शेतात गाद्यांची पेरणी

किशोरवयीन मुलांचं मन खंबीर करण्याचं तीन दिवसांचं शिबिर मी वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी पूर्ण केलं.

माझा त्यात काही दोष नव्हता. (होता. पण तो पुढे येईलच.)

मी मूळचा सावंतवाडीकडचा. सुर्लाच्या खाणीवर टिप्पर चालवता चालवता डिचोलीकर झालो. आमची सुजाता तेव्हा नववीत होती. गॅदरिंगमध्ये ती भाषणाला उभी राहिली, "मान्यवर पाहुणे" एवढंच म्हणाली आणि पुढचं सगळं विसरली. पाहुणे वाट बघत राहिले! त्यानंतर महिनाभर पोर मान खाली घालून शाळेत जायची. शाळेत समुपदेशनाला एक तरुण बाई येत. त्यांनी पालकसभेत सांगितलं, "मुलांना पडू द्या, आपापलं उठू द्या. आपण हळर्णला शिबिर घेऊया. तीन दिवस, आईवडिलांशिवाय!"

'आईवडिलांशिवाय' हे मी नीट ऐकलं होतं. पण लगेच वर्गाचे सर म्हणाले, "मुलं बसने जातील. सामानाचं काय करायचं?" आणि माझा हात आपोआप वर गेला.

घरी बायको म्हणाली, "पोरांचा सामान? त्या तांबड्या मातयेच्या गाडयेत?"

"धुतंय मगे!"

साबणाची पावडर टाकून टिप्पर तीनदा धुतला. तरी हौद्याचा लाल रंग जाईना, म्हणून वर कोरी, गुळगुळीत ताडपत्री अंथरली. तिच्यावर चाळीस बॅगा, चाळीस गाद्या, तांदळाची पोती आणि उंड्यांच्या टोपल्या. (उंडे म्हणजे आमच्याकडचे गोल पाव.) एवढं हलकं सामान गाडीने जन्मात वाहिलं नव्हतं. चढावरसुद्धा ती शीळ घालत गेली!

हळर्णला मुक्काम नदीकाठच्या किल्ल्याजवळ, देवळाच्या अग्रशाळेत (म्हणजे धर्मशाळेत) होता. समोर अरुंद रस्ता, रस्त्याच्या पलीकडे वायंगणी, म्हणजे उन्हाळी भातासाठी पाणी सोडून चिखल केलेलं शेत. गाडी वळवायला जागा नव्हती, म्हणून तोंड अग्रशाळेकडे आणि पाठ शेताकडे करून मी ती उभी केली.

"मुलांनो, रांग करा," बाई म्हणाल्या. "एकेक बॅग हातोहात उतरवूया. सहकार्याचा पहिला धडा!"

"कित्याक, बाई? मी आसंय मा!" मी म्हणालो. चाळीस पोरं बघत होती. त्यात माझी एक होती. "गाडी जराशी कलंडवतो. सामान कडेला येईल, मग उचला."

मागचा फाळका सोडला. लिव्हर ओढला. हौदा वर जायला लागला तशा पोरांनी टाळ्या वाजवल्या.

खनिज फार हटवादी असतं. हौदा अर्धा वर गेल्याशिवाय जागचं हलत नाही. गाद्या तशा नसतात! त्यातून खाली कोरी ताडपत्री. हौदा वीतभर उचलला गेला असेल नसेल, सगळं सामान 'सुर्रर्र' करून एकदम निघालं आणि थेट शेतात उतरलं. उंडे पाण्यावर बदकांसारखे तरंगायला लागले.

मी घाबरून गाडी पुढे घ्यायला गेलो आणि रिव्हर्स टाकला. मागची दोन्ही चाकं मेरेवरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, चिखलात! (वीस वर्षांचा अनुभव.)

शेताचा मालक, एक म्हातारा, मेरेवर येऊन उभा राहिला. त्याने गाद्या मोजल्या. मग म्हणाला, "काय रे ड्रायव्हरा, भात पेरूच्या शेतात गाद्यो पेरतस?"

सरांनी कपाळाला हात लावला. "संपलं! बस बोलवा. शिबिर रद्द."

पोरांचे चेहरे उतरले. तेवढ्यात मागून आवाज आला, "सर, रद्द नको."

सुजाता! जी महिनाभर घरात 'भात वाढ' एवढंही मोठ्याने म्हणाली नव्हती! "सर, ऊन चांगलं आहे. सामान काढूया, नदीवर धुवूया, किल्ल्याच्या भिंतीवर वाळत घालूया. संध्याकाळपर्यंत सुकेल." आणि सरांचं उत्तर यायच्या आत ती गुडघाभर चिखलात उतरली. तिच्यामागे एकोणचाळीस.

मी मात्र काजूच्या झाडाखाली बसलो होतो. बाई येऊन शेजारी बसल्या.

"काय वाटतंय तुम्हाला? भावनेला नाव द्या."

"नाव?"

"हो. जे वाटतंय ते."

"चिखल," मी म्हणालो.

सुजाता गादी ओढत चालली होती, ती थांबली. "बाबा, मी भाषण विसरलंय तेव्हा तुमी म्हणालात, लोक विसरतले."

"मगे?"

"लोक काय विसराक नाय. पण माका आता चलता." आणि गादीचं दुसरं टोक तिने माझ्या हातात दिलं.

पाणी तोडून शेत सुकेपर्यंत गाडी बाहेर निघणार नव्हती. म्हणजे तीन दिवस. बाईंनी हजेरीत माझं नाव एक्केचाळिसावं लिहिलं.

शिबिरात मी काय काय शिकलो? पहिल्या दिवशी दीर्घ श्वसन. पाचव्या श्वासाला मी घोरायला लागलो. दुसऱ्या दिवशी डोळ्यांना पट्टी बांधून जोडीदाराच्या भरवशावर चालायचं होतं. माझी जोडीदार सुजाता. मी दर पावलाला ओरडत होतो, "ब्रेक मार! डावी घे! मागे कोण हा?" शेवटी तिने पट्टी तोंडाला बांधायची परवानगी मागितली. बाईंनी दिलीसुद्धा!

तिसऱ्या दिवशी किल्ल्यावर गोल करून प्रत्येकाने बोलायचं होतं. सुजाता पाच मिनिटं बोलली. कागद नाही, अडखळणं नाही. गाद्या धुताना कोण कसं पडलं ते सांगून तिने सगळ्यांना हसवलं. मी सोडून सगळे हसले. माझा बांध फुटला होता. मग माझी पाळी आली. मी उभा राहिलो, "मान्यवर" म्हणालो आणि पुढचं विसरलो. पोरांनी टाळ्या वाजवल्या!

घरी पोचताच बायकोने विचारलं, "कोणी रडला?"

"एकच जण."

"सुजाता?"

"नाय."

तिने माझ्या डोळ्यांकडे बघितलं आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

पुढच्या वर्षी पुन्हा शिबिराची सूचना आली. सोबत काय आणावं त्याची यादी होती: छत्री, दोन जोड कपडे, पाण्याची बाटली. त्याखाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'आणू नये: दागिने, पत्ते, वडील.'

तळाला पालकाची सही मागितली होती. मी मुकाट्याने केली.