कोंबड्यांच्या खाद्याला कडकडीत मोहन

शेडचा पडदा वर केला आणि डोळ्यांत कोणी कांदा पिळल्यासारखं झालं. ब्रॉयलर पाखरांच्या पायाखाली भाताचं तूस अंथरतात. ते कोरडं, भुरभुरीत असायला हवं. मी मूठभर उचललं तर त्याचा पुरणासारखा लाडू वळला. पाखरं कोपऱ्यात डोळे मिटून बसलेली, आणि विष्ठा बघावी तर बाभळीच्या डिंकासारखी चिकट.

 सासूबाईंनी बजावून ठेवलं होतं, "एवढी एक बारी पाह्यतो. पाखरं मेले तं शेडचे पत्रे उतरवून म्हशीच्या गोठ्यावर टाकीन." जमीन त्यांची, पत्रेही त्यांचे. आणि सासूबाई धमकी देत नसत, आधी कळवून ठेवत.

तेव्हाची मी म्हणजे बचत गटाच्या प्रशिक्षणाला जाऊन आलेली, पदर खोचून वरवट बकालच्या बाजारात कोणी न विचारता सल्ले वाटणारी बाई. आज ती मला रस्त्यात भेटली तर मी चहासुद्धा विचारणार नाही. डोकं खाईल.

तर या बाईने ठरवलं, मक्याच्या जोडीला घरचा गहू भरडून घालायचा. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, घाला, पण कोंबडीला गहू नीट पचत नाही, आतड्यात चिकटा धरतो. त्यावर एन्झाईमची पावडर मिळते. पाचकच समजा. शेगावहून डबा आणला. ढीगभर भरड्याला पावडर एवढीशी, ती दाण्यादाण्याला सारखी कशी लागावी? डॉक्टर तेच सांगायला लागले होते, पण मी "हाव, हाव" करत उठलेसुद्धा. अख्ख्या गल्लीच्या शेवेचं पीठ मळून देणारीला हे काय शिकवणार?

खाद्यात थोडं तेल घालतातच. मी ते कढईत धूर निघेपर्यंत तापवलं, पावडर त्यात सोडली, चर्र झालं, आणि ते कडकडीत मोहन भरड्यावर ओतून छान चोळून घेतलं. वासाने आमचे हे ओट्यावरून उठून आले.

"काय तळून राह्यली वं? मले दे ना थोडं."

"कोंबड्यायचं हाय."

"आता कोंबडी होऊनच जन्माले या लागते मले."

तेव्हा हसलो होतो. आता ओल्या तुसात उभी राहून मी डॉक्टरांना फोन करत होते. ते आले. त्यांनी विष्ठा काडीने उकरली, एका पाखराचा तळपाय पाहिला, खाद्य हुंगलं.

"काकू, पावडर घातली होती ना?"

"घातली तं! चांगली कडक तेलात."

"कशात?"

"मोहनात."

डॉक्टरांनी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी आढ्याकडे पाहिलं.

"काकू, एन्झाईमला एवढी आच सोसत नाही. तुम्ही पाचकच तळून टाकलं. पाखरांच्या पोटात गेला तो नुसता गहू."

"जरा तिखट-मीठ टाकलं असतं तं मीच संपवलं असतं," हे पुटपुटले. कोणी हसलं नाही, कारण दारात सासूबाई उभ्या होत्या.

"वाचतीन का, डॉक्टर?" त्यांनी विचारलं.

"तूस कोरडं राहिलं तर वाचतील. ओल्या तुसाने पाय पोळले तर बसून राहतील, खाणं सोडतील. मग माझ्या हातात काही नाही."

आम्ही ओलं तूस फावड्याने ओढून बाहेर काढलं, नवं अंथरलं. पडद्यांचं मात्र कळेना. उघडावेत तर पौषाची थंडी पाखरांना खाणार, लावावेत तर डोळे झोंबवणारी ती वाफ कोंडणार. वरचा हातभर भाग मोकळा सोडला आणि मी दर थोड्या वेळाने जाऊन तुसाला हात लावून बघत राहिले. नवी पावडर आधी ओंजळभर भरड्यात कालवली, मग घमेल्यात, मग ढिगात. चुलीकडे फिरकलेसुद्धा नाही.

सासूबाई शेडच्या दारात पाट टाकून बसल्या. मेलेलं पाखरू पायांना धरून हे बाहेर न्यायचे, ते त्यांच्या समोरूनच. त्या मान वळवून बघायच्या. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी विष्ठा तशीच. त्याच्या पुढच्या दिवशी हे गोठ्याच्या छपराची लांबी डोळ्यांनी मोजताना मला दिसले. मी जेवले नाही.

मग एका सकाळी पडदा उचलला, तर डोळे झोंबले नाहीत. तूस मुठीतून सुटं गळालं. खाद्याच्या भांड्यांभोवती पाखरांची रेटारेटी चाललेली, चोचींचा तडतड आवाज. मी खाली बसून आणखी एक मूठ गाळून पाहिली. मागून चपला वाजल्या. सासूबाई पहिल्यांदाच शेडच्या आत आल्या होत्या. वाकून त्यांनी तूस दोन बोटांत चोळलं, फुंकलं. एक पाखरू उचलून त्याचा तळपाय पाहिला, खाली सोडलं.

आता काय ते ऐकायला मी उठून उभी राहिले.

"सर वं तिकडे," त्या म्हणाल्या आणि माझ्या हातातलं खाद्याचं डबडं काढून घेतलं. "अर्धं बाहेर सांडून राह्यली. हे भांडे इतके काठोकाठ भराचे नसते."

आणि त्या एकेक भांडं भरत पुढे निघाल्या. चुकीचं भरत होत्या, फारच कमी. सांगायला तोंड उघडलं होतं मी. पण मिटलं.