अडीच बोटांचा भाव

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात, बाजारात मंदीने ठाण मांडलेले असताना, रबाळ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीच्या परदेशी कॅमेऱ्याची किंमत टॉवेलाखाली ठरली. टॉवेल हिरव्या चौकडीचा होता आणि त्याला कांद्याचा वास येत होता. या घटनेची नोंद कुठेही नाही. साक्षीदार मी आहे, आणि माझ्यासारख्याच्या पोटात ही गोष्ट दोन वर्षं टिकली, हा त्यातला खरा चमत्कार.

टॉवेल नाना जगतापांचा. नाना साताऱ्याकडचे. तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात एका दलालाच्या गाळ्यावर त्यांनी वीस वर्षं भाव केले. मग कमरेने संप पुकारला आणि ते आमच्याकडे गोदाम सांभाळायला आले. आमची कंपनी परदेशी कॅमेरे आणून विकायची. विक्री विभागात मी होतो. म्हणजे विक्री विभाग मीच होतो. पहिल्याच दिवशी न्हावा शेव्याहून आलेली खोकी नानांनी अंगठ्याने दाबून पाहिली, एकाला नाक लावलं आणि मला म्हणाले, "मास्तर, माल चांगला हाय. पर ह्याला हवा लागंल."

"नाना, या लेन्स आहेत. काच आहे ती."

"आसंल. पावसाळ्यात बंद खोक्यात ठिवली तर बुरशी धरंल. कांद्यावानीच."

आमचे मॅनेजर मेहेंदळे साहेब यावर इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. आठवड्याने त्यांनी कंपनीचं माहितीपुस्तक उघडलं. त्यात दमट हवेत लेन्सला बुरशी येते असं ठळक अक्षरांत छापलेलं होतं. त्या दिवसापासून साहेब त्यांना 'जगताप' ऐवजी 'नाना' म्हणू लागले.

बुरशीची गोष्ट पुढे फारच गंभीर झाली. बरे दिवस असताना साहेबांनी सोळा 'सिस्टीम' मागवल्या होत्या. त्याला कॅमेरा म्हटलेलं त्यांना खपत नसे. मोठ्या फिल्मचा कॅमेरा, तीन लेन्स, फ्लॅश आणि ते सगळं ठेवायची नवरीच्या दागिन्यांसारखी मखमली पेटी, असा तो संसार. माल बोटीत असतानाच डॉलर चढला आणि इकडे गिऱ्हाईक उतरलं. रबाळ्यातले निम्मे कारखाने एकाच पाळीत चालू लागले, लग्नांचे अल्बम शंभर फोटोंवरून चाळीसवर आले. मुंबईच्या हेड ऑफिसने कळवलं, बुरशी लागायच्या आत, पावसाळ्याआधी सोळाही विका, नाहीतर रबाळ्याची शाखा बंद. शाखेत आम्ही नऊजण होतो. घरी मी बायकोला 'थोडं टेन्शन आहे' एवढंच सांगितलं, आणि तिने त्याच दिवशी नव्या सोफ्याचा विषय बंद केला.

किंमत ठरवायला बैठक बसली. साहेबांनी पत्रकावर एक लाख साठ हजार छापून टाकले होते. "किंमत कमी केली तर व्यावसायिक माल वाटणार नाही," असं त्यांचं म्हणणं. खासगीत मात्र एक वीसच्या खाली तोटा आहे, हेही त्यांनी कबूल केलं. चहा घेऊन आलेले नाना दारातच थांबले.

"साहेब, गिऱ्हाइकाला भाव सांगायचा नसतो. त्याच्या हातातनं काढून घ्यायचा आसतो."

"म्हणजे कसं, नाना?"

"आवो, मंदीत मानूस पैशाला भीत न्हाई. आपुन एकलेच येडं ठरू, ह्याला भितो."

हे अगदी खरं होतं. आमच्या आधीच्या प्रदर्शनाला पनवेल, पेण, उरणपासूनचे लग्नाचे फोटोग्राफर आले होते. कॅमेरा हातात घेतला की डोळे लकाकायचे आणि किंमत विचारली की सगळे एकमेकांकडे बघायचे. उरणचे म्हात्रे "महाग हाय" म्हणाले की जुईनगरचे ठोंबरे "फारच महाग आहे" म्हणायचे. दोघे कट्टर स्पर्धक. एकाने घेतला असता तर दुसऱ्याने त्याच दिवशी घेतला असता, पण पहिला कोण होणार?

नानांनी वाशीच्या एका हॉलमध्ये सगळ्यांना पुन्हा बोलावलं आणि कांदा मार्केटातली हात घालायची पद्धत समजावली. टॉवेलाखाली हात द्यायचा. भाव लाखाच्या वरचा. एक बोट म्हणजे दहा हजार, अर्धं बोट म्हणजे पाच. बोलायचं नाही, फक्त बोटं धरायची. "आनि टॉवेलाखालचा भाव भाईर काढायचा न्हाई. बायकोला पन न्हाई!"

फोटोग्राफरांना हा प्रकार प्रचंड आवडला. रांग लागली! साहेबांना वाटलं, यात काय अवघड आहे? त्यांनी नानांना बाजूला केलं, म्हात्र्यांचा हात टॉवेलाखाली घेतला आणि सवयीने, मोठ्या प्रेमाने, पाचही बोटं दाबून हस्तांदोलन केलं.

म्हात्रे ताडकन उठले. "पन्नास? लाखावर पन्नास? साहेब, ह्यो हात हाय का दरोडा?"

सगळा हॉल हसला. साहेब लाल झाले. नानांनी त्यांना हळूच खुर्चीत बसवलं आणि म्हात्र्यांना म्हणाले, "साहेबांनी नुस्ता नमस्कार केला, दादा. भाव माझ्याशी करा." दोन मिनिटं टॉवेल हलत राहिला. नानांचा चेहरा कोरा. म्हात्रे आधी चिंतेत, मग विचारात, आणि शेवटी असे गालात हसत उठले की ठोंबऱ्यांनी धावत जाऊन पुढचा नंबर लावला. तेही तसेच हसत उठले. एकेक करत सोळा माणसं तशीच हसत उठली.

बिलं मी करत होतो. पहिलं एक पंचवीसचं. दुसरं एक पंचवीसचं. सोळावं एक पंचवीसचं. मी नानांना गाठलं.

"नाना, सगळ्यांनी अडीचच बोटं धरली?"

"छ्या! म्हात्र्यांनी तर तीन धरली व्हती. अर्धं बोट मीच परत सोडवून घेतलं."

"अहो, मिळत होते तर घ्यायचे ना पाच हजार!"

नाना माझ्याकडे असे बघू लागले, जणू मी गोदामात थुंकलो होतो. "एका ढिगाला दोन भाव लावत्यात व्हय, मास्तर?"

शाखा वाचली. आमच्या घरी सोफा आला. आणि पुढची दोन वर्षं नवी मुंबईत एक मजेदार दृश्य दिसत राहिलं. लग्नात दोन फोटोग्राफर तोच कॅमेरा गळ्यात घालून समोरासमोर आले की एकमेकांकडे दयेने बघायचे. प्रत्येकाची खात्री, नानांनी भाव केला तो फक्त आपल्याला. बाकीचे लुटले गेले. माझी जीभ वळवळायची. पण टॉवेलाखालचा भाव.

मग नाना गावी परतायला निघाले. शेतावर घर बांधून झालं होतं. निरोपसमारंभाला सोळाही फोटोग्राफर आपापल्या पेट्या घेऊन हजर. नाना नव्या टोपीत खुर्चीवर बसलेले, समोर सोळा कॅमेरे, आणि फोटोत उभं राहायला कोणीच नाही. भाषणाला मेहेंदळे साहेब उठले. त्यांना गहिवरून आलं होतं, आणि गहिवरलेल्या मॅनेजरला कुणी आवरू नये.

"आजच्या जमान्यात," ते म्हणाले, "असा प्रामाणिक माणूस! सोळाच्या सोळा जणांना एकच भाव! एक लाख पंचवीस हजार! ना एक रुपया जास्त, ना एक रुपया कमी!"

खटाखट चाललेले कॅमेरे एकदम थांबले. नानांनी डोळे मिटून घेतले. सोळा माणसांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि उरणचे म्हात्रे ओरडले, "आयला, मंग दोन वर्सं मी या ठोंबऱ्याची कीव कशाला केली?"