शिवणबाईंची उसवणवही

आमच्या थोरल्या जाऊबाईंना, म्हणजे माझ्या ताईंना, शाळेत अजून सगळे शिवणबाईच म्हणतात. शिवणाचा वर्ग बंद पडून चार वर्षं झाली, तरी. एकोणीस वर्षं त्यांनी मुलींना काजं-बटणं शिकवली. मग एके दिवशी टेम्पो आला, मशिनी गेल्या आणि त्यांच्या जागी चार रोबो आले. रोबो म्हणजे जेवणाच्या डब्याएवढं, चाकं लावलेलं प्रकरण. पाठीवर बाणांची बटणं. जितक्या वेळा बाण दाबाल तितकी घरं चालतं. शाळेतल्या एकाही पदवीधराने त्यांना हात लावला नाही. "बाई रिकाम्याच आहेत, त्यांना द्या," असं ठरलं. रिकाम्या! मी तिथे असते तर जागच्या जागी उत्तर दिलं असतं. ताईंनी फडकं घेतलं आणि रोबो पुसायला लागल्या.

कपड्यावर आखायच्या खडूने त्यांनी फरशीवर चौकोन, म्हणजे रोबोची घरं, आखले आणि दुसरीतली पोरं समोर बसवली. रीत जुनीच ठेवली. आधी कागदावर बेतायचं, मग बटण दाबायचं. चुकलं तर सगळं फाडायचं नाही, चुकलेल्या टाक्यापर्यंतच उसवायचं. त्यासाठी प्रत्येकाला एक उसवणवही. पानावर तीन रकाने: मला काय वाटलं, काय झालं, कुठे उसवायचं. खोडरबर दाराबाहेर.

यंदा बातमी आली की तपासनीस येणार, आणि वर्ग 'निकाल दाखवत' नसेल तर रोबो दुसऱ्या शाळेत जाणार. म्हणजे ताईंचा वर्ग दुसऱ्यांदा उचलला जाणार. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, एकच रस्ता पोरांकडून पाठ करून घ्या. साहेबांसमोर गाडी धावली पाहिजे, बस."

"पाठ केला तर वहीत काय लिहायचं?" ताईंनी विचारलं.

"वही कोण बघतंय?"

मी घरी भडकले. "ताई, पालकांच्या सह्या आणते! दारात बसवते सगळ्यांना!"

"तू आधी जेव," ताई म्हणाल्या. "दारात बसून रोबो चालत नाही."

तपासणीच्या दिवशी मी पालक समितीची म्हणून मागच्या बाकावर होते. पुढे आली चिमटी. हे टोपणनाव. मुलगी चिमटीत मावेल एवढीशी, पण चूक झाली की वहीचं पान टराटरा फाडणारी. रोबोला पहिल्या चौकोनापासून घंटेच्या चित्रापर्यंत न्यायचं होतं. तिने बोटाने चौकोन मोजले, वहीत पाच लिहिलं, बाण पाच वेळा दाबला. रोबो निघाला, घंटेवरून गेला आणि साहेबांच्या बुटावर जाऊन आपटला.

कोणी हसलं नाही. मुख्याध्यापकांनी ताईंकडे असं पाहिलं की माझं रक्त उकळलं. ताई मात्र हाताची घडी घालून उभ्या. चिमटीने पानाचा कोपरा धरला. आता फाडणार!

"काय वाटलं होतं?" ताईंनी हळूच विचारलं.

"पाच."

"झालं काय?"

"बूट."

आता पोरं खळखळून हसली आणि चिमटीही फसकन हसली. मग ती उठली, रोबो उभा होता त्या पहिल्या चौकोनात स्वतः जाऊन उभी राहिली आणि पाऊल टाकत मोजू लागली. एक, दोन, तीन, चार. पायाखाली घंटा.

"बाई, रोबो उभा होता ते घर पण मी मोजलं! तिथे तर चालायचंच नव्हतं." वहीवर वाकून तिने तिसरा रकाना भरला. या वेळी रोबो घंटेवर थांबला.

साहेबांनी विचारलं, "बाई, चूक दिसत होती, तर आधीच का नाही सांगितलं?"

उत्तर चिमटीने दिलं. "बाई सांगत नाहीत. विचारतात."

"बघू, मला जमतंय का," म्हणत साहेब गुडघ्यावर बसले. रस्ता लांबचा घेतला, खिडकीखालच्या झाडाच्या चित्रापर्यंत. बोटाने मोजलं, सात वेळा बाण दाबला. रोबो झाड ओलांडून भिंतीला धडकला.

"साहेब, तुम्हीपण रोबो उभा होता ते घर मोजलंत," चिमटी म्हणाली आणि आपली वही त्यांच्यापुढे सरकवली. "फाडायचं नाही हं. लिहायचं."

एवढा मोठा माणूस, पण लिहिलं त्यांनी. तिन्ही रकाने. मी तोंड दाबून बसले होते, नाहीतर टाळीच वाजवली असती.

निकालाचा कागद आठवड्याने आला. मुख्याध्यापकांनी तो ताईंना वाचायला दिला, मी हिसकावून मोठ्याने वाचला. 'मुलांचे यंत्र एक घर पुढे गेले. का गेले, हे मुलांना सांगता येते. माझेही गेले. वर्ग चालू ठेवावा.'

"बघा!" मी मुख्याध्यापकांना म्हणाले. अजून बरंच म्हणणार होते.

ताई फरशीवर बसून पुसट झालेले चौकोन पुन्हा आखत होत्या. "वाचून झालं ना?" त्या म्हणाल्या. "मग टेपचं ते टोक धर. आणि सरळ धर, मागच्या वेळी तुझ्यामुळे दोन घरं तिरकी आली."